एकेचाळीस भोके

मित्रांनो, धान्याच्या गोदामात शिरलात की डाव्या हाताला, मोठ्या वजनकाट्याच्या मागे, राखाडी रंगाची एक जाडजूड घडी पडलेली दिसेल. तिच्यावर कोणीतरी बसलेले असेल, नाहीतर कोणाचा तरी डबा ठेवलेला असेल. ती घडी म्हणजे मी, थप्पीवर पांघरायची जुनी ताडपत्री. उठून तुमचे स्वागत करावे एवढे त्राण आता अंगात उरलेले नाही, तेव्हा पडल्या पडल्याच बोलते. तुम्हीही टेका. माझ्यावर बसलात तरी चालेल, सगळेच बसतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आधी जाड कापड विणले, मग त्याच्या दोन्ही अंगांना लेप चढवला, तो वाळवला आणि पुन्हा चढवला. हे सगळे एवढ्यासाठी, की माझ्यातून हवासुद्धा आरपार जाऊ नये. मालगाड्यांवर ज्या ताडपत्र्या बांधतात त्या माझ्या चुलत बहिणी. त्यांना गावोगाव फिरायला मिळते, माझ्या वाट्याला चार भिंती आल्या. सुरुवातीला याचे वाईट वाटायचे. पुढे कामच इतके पडले की वाईट वाटायलाही सवड मिळाली नाही.

काम काय ते सांगते. इथे गव्हाची पोती एकावर एक रचून ठेवतात, त्या ढिगाला थप्पी म्हणतात. थप्पी चांगली तीन माणसांएवढी उंच असते. गहू महिनोन्महिने पडून राहिला की त्यात भुंगेरे होतात. दिसायला अगदी गरीब, तिळाएवढे, तांबूस काळे. पण दाण्याला भोक पाडून आत घर करतात आणि खाऊन खाऊन नुसते टरफल मागे ठेवतात. पोते उघडावे तर गव्हाऐवजी पिठी हाताला लागते.

या भुंगेऱ्यांना मारायला धुरी देतात. नाव धुरी असले तरी तिच्यात धूर नसतो. थप्पीच्या बुडाशी ताटल्यांमध्ये गोळ्या मांडतात, वरून मला पांघरतात आणि जमिनीवर पसरलेल्या माझ्या कडांवर वाळू भरलेल्या लांब पिशव्या दाबून ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने गोळ्या फुलतात, त्यांची पूड होते आणि विषारी वायू निघतो. तो पोत्यात शिरतो, दाण्यात शिरतो, दाण्यात लपलेल्या अळीपर्यंत पोहोचतो. मात्र त्यासाठी त्याला वेळ लागतो. सात दिवस मी तो वायू पोटात धरून ठेवायचा, कोणी मला हात लावायचा नाही आणि माझ्या आसपास विनाकारण फिरकायचे नाही. ते विष भुंगेऱ्याला जसे ओळखत नाही, तसे माणसालाही ओळखत नाही.

मी आले तेव्हा धुरीचे काम बघणारे गृहस्थ तिशीचे होते. त्यांची थोरली बहीण याच गोदामात पोती शिवायची. तिला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे हमालसुद्धा. या दोघांची एक रीत होती. दर धुरीच्या आधी मला बाहेर अंगणात न्यायचे. चार हमाल चार कोपरे धरून मला डोक्याच्या वर ताणायचे आणि ताई माझ्याखाली शिरायच्या. वर लख्ख ऊन आणि खाली अंधार. माझ्या अंगाला टाचणीएवढे भोक पडलेले असले तरी तिथून उजेडाचा ठिपका दिसे. ताई खालून त्या जागी बोट लावून हाक मारत, भाऊ भोकाभोवती खडूने गोल काढत आणि मग दोघे मिळून ठिगळ लावत. हमालांचे हात भरून येत, ते कुरकुरत. मलाही ती ओढाताण नकोशी व्हायची. पण त्या दिवसांत आमच्या थप्पीत धुरीनंतर एकही भुंगेरा हलताना दिसला नाही, हेही खरे.

मग एक दिवस भावाचे नाक प्रसिद्ध झाले. या वायूला एक घाणेरडा वास असतो, सडक्या मासळीसारखा. त्या दिवशी ते दारातून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच म्हणाले, मागचा उजवा कोपरा बघा. बघितले तर वाळूची पिशवी बोटभर सरकलेली. गोदामाचे साहेब त्याच वेळी वरिष्ठांना घेऊन फिरत होते. त्यांनी तोंडात बोट घातले. तेव्हापासून सगळे भावाला नाकवाले म्हणू लागले. लांबलांबच्या गोदामांतून त्यांना बोलावणी यायची. ते थप्पीभोवती एक फेरी मारत, चारही कोपऱ्यांशी वाकून वास घेत आणि मान हलवत. ती मान हलली की साहेब निर्धास्त व्हायचे.

उन्हात धरून बघणे त्यानंतर बंद पडले. मुद्दाम कोणी बंद केले नाही. एकदा आभाळ होते, एकदा हमाल कमी होते, एकदा गाडी लवकर यायची होती. साहेब म्हणाले, आपल्याकडे नाक आहे की. ते सगळ्यांना पटले आणि खरे सांगायचे तर मलाही पटले. मेहनत वाचली की कोणाला नको असते?

पण मित्रांनो, मला एक दुखणे लागले होते. वर्षानुवर्षे माझी घडी एकाच रेषेवर घातली जायची. ती रेष बरोबर माझ्या मधोमध, म्हणजे पांघरल्यावर थप्पीच्या अगदी माथ्यावर यायची. तिथला लेप आधी पांढरा पडला, मग तडकला. पहिली चीर पडली तेव्हा मला कळले. दुसरी पडली तेव्हाही कळले. त्यात हमालांचे पोती ओढायचे आकडे कधी इथे कधी तिथे लागायचे. नाकवाले कोपरे हुंगत राहिले आणि माथ्यावर चढून कोणी बघितले नाही. मी ओरडून सांगितले असते, पण ताडपत्रीला तोंड देतो कोण?

मी गळू लागले, म्हणजे आतला वायू कमी पडू लागला. नाजूक होते ते भुंगेरे मेले. धट्टेकट्टे होते ते गुंगी आल्यासारखे पडून राहिले आणि मला काढल्यावर आळस देऊन उठले. त्यांना पिल्ले झाली, तीही त्यांच्यासारखीच चिवट. पुढच्या धुरीला त्यांतली सर्वांत चिवट तेवढी उरली. असे किती तरी हंगाम चालले. पुष्कळदा तर पाचव्याच दिवशी गाडी दारात येऊन उभी राही. मग साहेब मला काढायला लावत आणि वहीत सात दिवस लिहीत. भुंगेऱ्यांची आम्ही जणू तालीमच घेत होतो.

चार वर्षांपूर्वी नाकवाल्यांना मोठा ताप आला. पंधरा दिवसांनी ते कामावर परतले. त्यांनी नेहमीसारखी फेरी मारली, चारही कोपऱ्यांशी वाकले, मान हलवली. धुरी संपून माझी घडी झाल्यावर एके दुपारी ताई आणि ते माझ्यावर चहा प्यायला बसले. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी दूध करपून पार कोळसा झालं. तू चुलीशीच उभा होतास."

नाकवाल्यांनी कप खाली ठेवला. "येईल परत," ते म्हणाले. "कोणाला बोलू नकोस."

वास परत आला नाही. निवृत्तीला सात वर्षे उरलेली, नाव तर साऱ्या गोदामांत गाजलेले. मग ताईंनीच एक युक्ती काढली. धुरी चालू असताना त्या पोती शिवायला थप्पीच्या जवळच बसू लागल्या. नाकवाले कोपऱ्याशी वाकले, की ताईंनी वास घ्यायचा. वास येत असेल तर दोनदा खोकायचे. दोनदा खोकला ऐकू आला की नाकवाले भुवया उंचावून म्हणत, इथे जरा पिशवी सरकवा रे. हमाल थक्क होत. साहेब एकदा म्हणाले, धुळीने ताईंचा खोकला फार वाढलाय, औषध घ्या. ताई हो म्हणाल्या. बहीण भावंडे माझ्यावर बसून या गोष्टीला खूप हसली. मला मात्र हसू आले नाही. एकाचे नाक गेले होते आणि दुसरीचे नाक विषाच्या तोंडाशी नेऊन बसवले होते.

तरीही भुंगेरे येतच राहिले. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या. शेवटी वरून निरोप आला. पुढच्या धुरीनंतर एक जरी जिवंत भुंगेरा सापडला, तर अख्खी थप्पी जनावरांच्या खाद्याला जाईल आणि धुरीचे काम बाहेरच्या लोकांना दिले जाईल. साहेबांनी हा निरोप नाकवाल्यांना वाचून दाखवला. त्यांना काम तर गमवावे लागणारच होते, पण त्याहून मोठी भीती होती, की इतक्या वर्षांचा लौकिक धुळीला मिळेल. ती भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

त्यांनी घाबरलेला माणूस करतो तेच केले. गोळ्या दुप्पट मांडल्या. बाहेर सोसाट्याचा वारा होता म्हणून मागचे दार लावून घेतले. माझ्या कडांवर पिशव्यांचा दुहेरी थर दिला. सगळी काळजी त्यांनी जमिनीवर घेतली आणि माझा माथा होता तसाच राहिला. दुप्पट गोळ्यांचा वायू माझ्या चिरांमधून वर निघाला आणि थप्पीच्या मागच्या अंगाने संथपणे खाली उतरू लागला. तिथेच, लावलेल्या दाराशी, ताई सुई दोरा घेऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. नाकवाले फेरीला आले. पहिल्या कोपऱ्याशी वाकले, खोकला नाही. दुसऱ्या कोपऱ्याशी वाकले, खोकला नाही. त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. तिसऱ्या कोपऱ्याशी ते मजेत म्हणाले, "ताई, यंदा जमलं बघ."

ताई पोत्यावर आडव्या झाल्या होत्या आणि सुई बोटांतच राहिली होती.

नाकवाल्यांनी त्यांना उचलून बाहेर नेले. मागचे दार सताड उघडे पडले आणि वारा आत घुसला, म्हणून पुढचे मला ऐकू आले. ताईंना उलट्या होत होत्या. छाती आवळल्यासारखे वाटते म्हणत होत्या, डोके फुटते म्हणत होत्या. हमालांची धावपळ झाली, गाडी आली, गाडी गेली. मग अंगणात कोणीच उरले नाही. मी तशीच थप्पीवर पडून राहिले. मित्रांनो, इतकी वर्षे मी दमले होते, पण स्वतःची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

ताई वाचल्या. हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला लावत नाही. तीन दिवस त्यांना रुग्णालयात ठेवले. लगेच बाहेर नेले म्हणून निभावले, असे डॉक्टर म्हणाल्याचे हमाल आपापसांत बोलत होते.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. त्या भुंगेरे काचेच्या बाटल्यांमध्ये भरून न्यायच्या आणि त्यांच्यावर वायू सोडून बघायच्या, म्हणून हमालांनी त्यांचे नाव किडेवाल्या मॅडम ठेवले होते. त्यांच्या हातात वायू मोजायचे एक छोटे यंत्र होते. आधी सगळी दारे उघडून आणि माझ्या कडा वर करून दिवसभर हवा खेळती केली, यंत्र शून्य दाखवू लागले, तेव्हा कुठे त्यांनी मला थप्पीवरून काढू दिले. मग एका पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून त्यांनी मूठभर गहू काढला आणि तो पांढऱ्या ताटात ओतला. दहा बारा भुंगेरे निवांत चालू लागले.

त्या म्हणाल्या, मागच्या वेळी इथून नेलेले भुंगेरे आम्ही तपासले. इतर गोदामांतले ज्या मात्रेत मरतात, त्या मात्रेत तुमचे मजेत फिरतात. असे भुंगेरे आकाशातून पडत नाहीत. कुठेतरी त्यांना वर्षानुवर्षे थोडा थोडा वायू मिळत असणार, मरण्याइतका नाही, सवय होण्याइतका.

साहेब घाईघाईने म्हणाले की गळती शक्यच नाही, आमचे नाकवाले स्वतः चारही कोपरे हुंगतात.

"वासावर विसंबून चालत नाही," बाई म्हणाल्या. "गहू वास शोषून घेतो, वायू तसाच राहतो. शिवाय जवळ बसून बसून नाकाला सवय होते. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असं समजणारी माणसं मी दवाखान्यात पाहिलीत."

साहेबांनी नाकवाल्यांकडे पाहिले. सगळे हमाल त्यांच्याकडे बघत होते. ते एक अक्षर न बोलता निघून गेले असते तरी चालले असते. दोष गोळ्यांवर ढकलता आला असता, वाऱ्यावर ढकलता आला असता, माझ्यावर तर सहज ढकलता आला असता.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. ताई माझ्यासाठी वास घ्यायची. मीच तिला तिथं बसवलं."

ताटातल्या भुंगेऱ्यांपैकी एक कडेपर्यंत आला आणि खाली पडला. मग साहेबांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसले आणि म्हणाले, "वहीत सात दिवस मी लिहीत होतो. उघडायला पाचव्याच दिवशी लावत होतो." त्यांना ते बोलायची तशी गरज नव्हती. पण एकाने झाकण उघडले की दुसऱ्यालाही धीर येतो.

किडेवाल्या मॅडम कोणाला रागे भरल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, की ही ताडपत्री शेवटची उन्हात धरून कधी बघितली होती? कोणालाच आठवेना. नाकवाले मात्र पुढे झाले आणि त्यांनी माझा एक कोपरा धरला.

कितीतरी वर्षांनी मी अंगणात आले. चार जणांनी मला ताणले. खाली शिरायला ताई नव्हत्या, म्हणून नाकवाले शिरले. माझ्या मधल्या रेषेवरून उजेड त्यांच्या कपाळावर, खांद्यांवर, पांढऱ्या झालेल्या केसांवर ठिपक्याठिपक्यांनी पडला होता. मग त्यांनी बोट लावून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. एकेचाळीस झाली तेव्हा ते बाहेर आले आणि अंगणातल्या दगडावर बसून रडले. हमालांनी मला हळूच खाली ठेवले. इतक्या अलगद त्यांनी मला कधीच ठेवले नव्हते.

माझी सेवा त्या दिवशी संपली. ठिगळांच्या पलीकडे गेलेली वस्तू, असा शेरा मिळाला. नवी ताडपत्री आली, तिची घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घालायची असे ठरले. त्या चिवट भुंगेऱ्यांना सात दिवसही पुरणार नव्हते, म्हणून बाईंनी बारा दिवसांची मुदत घातली आणि रोज यंत्राने आतला वायू मोजायला सांगितले. साहेबांनी वरिष्ठांना खरे ते सगळे लिहून कळवले आणि आणखी एका धुरीची मुभा मिळवली. आठव्या दिवशी गाडी आली, तेव्हा तिला रिकामी परत पाठवताना त्यांचा जीव वरखाली होत होता, पण पाठवली. तेराव्या दिवशी पंधरा पोत्यांतला गहू चाळला. मेलेले भुंगेरे ओंजळभर निघाले, हलणारा एकही नव्हता.

गहू वाचला. नाकवाल्यांनी धुरीचे काम मात्र स्वतःहून सोडले. ज्याला वास येत नाही त्याने विषाजवळ उभे राहू नये, असे ते म्हणाले. आता ते गोदामांच्या ताडपत्र्या तपासतात. पुन्हा बोलावणी येतात, पूर्वीपेक्षा थोडी कमी. हमाल त्यांना अजून नाकवालेच म्हणतात आणि ते रागावत नाहीत.

ताईंना डॉक्टरांनी थप्पीच्या जवळ जायला सक्त मनाई केली आहे. त्या इथे वजनकाट्यामागे, माझ्या घडीवर बसून पोती शिवतात. परवा नवी ताडपत्री अंगणात ताणली होती आणि नाकवाले तिच्याखाली शिरून ठिपके शोधत होते. ताईंना सुतळीच्या धुळीने ठसका लागला. त्या दोनदा खोकल्या. त्याबरोबर नाकवाले ताडपत्रीखालून धडपडत बाहेर आले आणि धावत आमच्याजवळ येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"अरे, साधा खोकला आहे," ताई म्हणाल्या.

ते तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांचा श्वास ताळ्यावर येईपर्यंत ताईंनी शिवण बाजूला ठेवली.

मित्रांनो, मला नवे करा असे मी म्हणत नाही. वस्तू झिजायचीच आणि माणूसही. नाक जाते, डोळे जातात, लेप तडकतो, त्यात लाज कसली? फक्त झिजलेले झाकून ठेवू नका. वर्षातून एकदा तरी आम्हा ताडपत्र्यांना उन्हात धरा, हात भरून आले तरी धरा, आणि खाली कोणीतरी विश्वासाचे माणूस उभे करा. भोक दिसले तर त्याने मोठ्याने सांगावे आणि तुम्ही ते ऐकावे.

बोलून बोलून थकले आता. उठा बघू तुम्ही माझ्यावरून. ताईंची बसायची वेळ झाली.